गिफ्ट कार्डावर घेतलं म्हणून व्हॅट परत नाही, हे कुणी ठरवलं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पोरालेकीला भेटायला दुबईला जाणारे आईवडील आता कमी नाहीत. तिथे पाहुण्यानं घेतलेली वस्तू देशाबाहेर नेली की तिच्यावरचा व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा कर, बराचसा परत मिळतो. त्यांच्यासाठी लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन दादाकडे गेले होते. आई बेळगावच्या वडगावात चाळीस वर्षं ब्लाऊज शिवते. दादाला कंपनीकडून गिफ्ट कार्ड मिळालेलं, ते त्यानं तसंच आईच्या हातात ठेवलं. आईनं तासभर फिरून शिलाई मशीन पसंत केलं. सुईखाली स्वतःच्या रुमालाची कड सरकवून चार टाके मारले, उलटून टाका बघितला, मगच हो म्हणाली. बिल 1050 दिरहम. त्यात 5 टक्के व्हॅट, म्हणजे 50 दिरहम, वेगळ्या ओळीत छापलेला.

मी आईचा पासपोर्ट पुढे केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, गिफ्ट कार्डावरच्या खरेदीला टॅक्स फ्री, म्हणजे कर परत मिळायची नोंद, होत नाही. आई लगेच, "सोड की गं, फुकटचं कार्ड हाय. कशाला भांडतीस?"

फुकटचं कसं? दादानं पाच वर्षं त्या उन्हात साईटवर काढली, त्याचं ते कार्ड. आणि कायद्याचं म्हणाल तर तिथे कार्ड त्याच्या छापील किमतीला विकताना व्हॅट लागतच नाही. कार्ड देऊन वस्तू घेतली की तेव्हा लागतो. म्हणजे तो 50 दिरहम कर आईच्या कार्डातूनच गेला. कार्ड म्हणजे नोटेसारखंच, पैसे चुकते करायचं साधन. कर मशीनवर लागलाय, कार्डावर नाही. मी बिलावरची ती ओळ बोटानं दाखवत राहिले. शेवटी मॅनेजर आले, त्यांनी पासपोर्ट घेतला आणि करून दिलं.

तिथे दुकान या योजनेत असावं लागतं आणि बिल निदान 250 दिरहमचं. मात्र एक चूक सगळे करतात: पैसे मुलगा देतो, मग बिलही त्याच्याच नावानं होतं. तो तिथला रहिवासी, त्याला परतावा नाही. खरेदी पाहुण्याच्या पासपोर्टवर नोंदवा. परतताना सामान विमानात द्यायच्या आधी पडताळणी करून घ्या, वस्तू दाखवावी लागू शकते. खरेदीपासून 90 दिवसांत देश सोडायचा. कराच्या 85 टक्के मिळतात, त्यातून 4.80 दिरहम शुल्क जातं. आमचा हिशेब 37.70 दिरहम बसला. आठशे-नऊशे रुपये. आईच्या किती ब्लाऊजची शिलाई झाली ती, तुम्हीच बघा.

आता आपल्याकडचं. गोव्यातून परदेशी नागरिकत्व घेतलेली माणसं सुट्टीला आली की लग्नाच्या खरेदीला आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत, खडे बाजारात येतात. साड्या भरून नेतात, जीएसटी भरून जातात. सहा महिन्यांपर्यंत राहायला आलेल्या पर्यटकाला कर परत द्यायची तरतूद आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) कायद्याच्या कलम 15 मध्ये लिहिलेली आहे. पण 1 जुलै 2017 ला बाकीची कलमं लागू झाली तेव्हा हे मागे ठेवलं. ते लागू करा, असं आपल्या व्यापाऱ्यांनी खासदारांना स्पष्ट सांगायला हवं. पर्यटकाला चार पैसे परत मिळणार असतील तर तो पक्कं बिल मागेल, आणि शहापूरच्या साड्या दोन जास्त जातील.

आईचं ते बिल अजून मशीनच्या डब्यात आहे. कुणाला व्हॅटची ओळ कुठे असते ते बघायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, नाव झाकून फोटो पाठवते.