‘स्टेअरवे’ कशानं झिजलं? जर्सीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जर्सीकर, नमस्कार.

रेडिओनं चावून चोथा केलेल्या क्लासिक रॉक गाण्यांच्या माझ्या यादीवर तुम्ही चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत. तिला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून हे स्वतंत्र. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: ‘स्टेअरवे टू हेवन’, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, ‘फ्री बर्ड’ यांना झिजलेली म्हणणं म्हणजे उगाच नाक मुरडणं. न्यूयॉर्कचं क्यू १०४.३ हे रेडिओ स्टेशन दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास श्रोत्यांची मतं घेऊन १,०४३ गाण्यांची उलटी मोजणी करतं, त्यात ‘स्टेअरवे’ जवळजवळ दरवर्षी पहिलं येतं, मग ते झिजलं कसं? तीच ती गाणी वाजतात ती रेकॉर्ड कंपन्या पैसे चारतात म्हणून, त्यात गाण्यांचा काय दोष? आणि शेवटी, वीस वर्षं टर्नपाइकवर गाडी चालवताना ही गाणी ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो.

काट्याबद्दल वाद नाही. पण वीस वर्षांचा हिशेब मांडता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात.

स्टेशनवर बसलेला माणूस मनात येईल ते गाणं लावतो, हे दिवस कधीच गेले. ‘सिलेक्टर’ किंवा ‘म्युझिकमास्टर’सारखं सॉफ्टवेअर दिवसभराचा क्रम आधीच लावून देतं. गाण्यांचे गट पाडलेले असतात, सगळ्यात वरचा गट ‘पॉवर’. तासाचं एक ‘क्लॉक’ असतं. कोणत्या मिनिटाला कोणत्या गटातलं गाणं येणार, ते त्यात ठरलेलं. गटातल्या गाण्यांची संख्या भागिले त्या गटाला तासात मिळणाऱ्या जागा, की गाण्याचा फेरा निघतो.

समजा पॉवर गटात ९६ गाणी आहेत आणि तासाला ४ जागा. फेरा बरोबर २४ तासांचा. नवशिक्या प्रोग्रॅम डायरेक्टरची फसगत इथेच होते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वाजलेलं गाणं उद्याही आठ दहालाच वाजतं. रोज ठरलेले दोन तास गाडीत असणारा माणूस म्हणतो, ‘यांच्याकडे आठच गाणी आहेत की काय?’ आणि उरलेली ८८ त्याच्या कानावर कधी पडतच नाहीत. म्हणून फेरा २४ ला निःशेष भागणारा किंवा २४ च्या पटीत नको, हा धंद्यातला पहिला नियम. सहा गाणी काढली, ९० ठेवली, की फेरा साडेबावीस तासांचा होतो. गाणं रोज दीड तास अलीकडे सरकतं आणि १५ दिवसांत १६ वेळा वाजून दिवसाच्या सगळ्या वेळा फिरून येतं.

आता तुम्ही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आठवड्याचे पाच दिवस. दिवसाच्या चोवीस तासांतले दोन तास म्हणजे बारावा हिस्सा. १५ दिवसांतल्या १६ फेऱ्यांचा बारावा हिस्सा सव्वाच्या थोडा वर. शनिवार-रविवार वगळले तर वर्षाला साधारण २३ वेळा. वीस वर्षांत, सुट्ट्या धरून, साडेचारशेच्या आसपास. ‘स्टेअरवे’ आठ मिनिटांचं आहे, म्हणजे सलग अडीच दिवस तुम्ही फक्त ‘स्टेअरवे’ ऐकलंय. हे एका स्टेशनवरचं एक गाणं झालं. त्या गटातल्या उरलेल्या ८९ गाण्यांचाही हाच आकडा. बार, सुपरमार्केट आणि स्टेडियम यात धरलेले नाहीत.

इतकं होऊनही काटा येत असेल तर ती त्या गाण्याची करामत, आणि ती मी नाकारलेली नव्हती. लेखात ‘झिजलेली’ म्हटलं होतं, ‘वाईट’ नव्हे. लेड झेपलिनचं हे गाणं गाणाऱ्या खुद्द रॉबर्ट प्लांटनं पोर्टलंडच्या केबीओओ या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या स्टेशनला पैसे दिले होते, कारण ‘देणगी द्या, आम्ही “स्टेअरवे” पुन्हा वाजवणार नाही’ असं ते स्टेशन सांगत होतं. ज्यानं गायलं त्याच्यावर नाक मुरडल्याचा आरोप कसा करणार?

पैशांचा मुद्दा मात्र साफ चुकीच्या दिशेला जातो. गुपचूप पैसे घेऊन गाणं वाजवणं, म्हणजे पेओला, अमेरिकेत १९६० च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तरी ते पुढेही अधूनमधून उघडकीस येत राहिलं, पण ते नव्या गाण्यांसाठी. पन्नास वर्षं जुनं गाणं तिसऱ्यांदा लावायला कोण पैसे देईल? शिवाय अमेरिकेत साधं रेडिओ स्टेशन गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना, म्हणजे अ‍ॅस्कॅप, बीएमआय वगैरेंना, एकगठ्ठा परवाना फी भरतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आणि रेकॉर्डच्या मालकाला त्यातलं काही मिळत नाही. ‘स्टेअरवे’ दिवसातून एकदा लावा नाहीतर लेड झेपलिनचं कुणालाही आठवत नसलेलं गाणं लावा, स्टेशनचा खर्च तोच.

म्हणजे तीच गाणी लावण्यात पैशांची बचत नाही. भीती आहे, श्रोता जाण्याची. आणि ही भीती मोजण्याची साधनं मोठी नेमकी आहेत.

जुन्या गाण्यांसाठी ऑडिटोरियम टेस्ट असते. हॉटेलच्या हॉलमध्ये शंभरेक लोक बसवायचे, किंवा आता ऑनलाइन, आणि एकामागून एक काहीशे गाण्यांचे सात ते दहा सेकंदांचे तुकडे ऐकवायचे. या तुकड्याला ‘हुक’ म्हणतात. ओळखीचं आहे का, किती आवडतं आणि ऐकून कंटाळा आलाय का, एवढंच विचारायचं. या शेवटच्या रकान्याला धंद्यात ‘बर्न’ म्हणतात. गंमत अशी की आवडीचे आणि कंटाळ्याचे दोन्ही आकडे एकाच गाण्याला भरभरून मिळू शकतात, आणि तसं झालं तरी गाणं यादीतून सहसा जात नाही. कंटाळलेला माणूस गाणं चालू ठेवतो. अनोळखी गाणं लागलं की बटण दाबतो.

बटण दाबल्याचंही कळतं. २००७ पासून मोठ्या शहरांत पोर्टेबल पीपल मीटर आलं. निवडलेले लोक एक छोटं यंत्र अंगावर बाळगतात आणि ते स्टेशनच्या आवाजात दडवलेला, कानाला न कळणारा संकेत टिपतं. त्याआधी लोक वहीत आठवून लिहायचे, तेव्हा एखाद्या गाण्याला दोन मिनिटं स्टेशन बदललं तर पकडलं जात नसे. मीटरच्या हिशेबात बरीच वर्षं नियम असा होता की पंधरा मिनिटांच्या खणात पाच मिनिटं ऐकलं तर तो खण स्टेशनच्या खात्यात जमा. म्हणून जाहिरातींचा गठ्ठा दोन खणांच्या सीमेवर ठेवायचा आणि तो संपल्यावर पहिलं गाणं हुकमी लावायचं. जाहिराती संपल्या की ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च का लागतं, याचं उत्तर हे.

क्यू १०४.३ च्या मतदानाबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. जे कंटाळून गेले ते मत द्यायला येत नाहीत. जे उरले त्यांच्या मतातून यादी, यादीतून पुन्हा तेच श्रोते. २०१४ च्या जूनमध्ये फाइव्हथर्टीएट या आकडेवारीवर लिहिणाऱ्या वेबसाइटनं २५ क्लासिक रॉक स्टेशनांची एका आठवड्याची नोंद ठेवली होती. ३७ हजारांहून अधिक वेळा गाणी वाजली, त्यात वेगळी गाणी साधारण २,२००, आणि २५ कलाकारांनी जवळजवळ निम्मा वेळ खाल्ला.

विनोद असा की ‘स्टेअरवे’ रेडिओवर आलं ते नेमक्या उलट कारणानं. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये अल्बम निघाला, अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या रेकॉर्डवर, काढलंच नाही. एएमवर गाजलेली सिंगल्स वाजवणाऱ्या टॉप ४० स्टेशनांना आठ मिनिटांचं गाणं परवडण्यासारखं नव्हतं. पण १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूनं एफएमवर अल्बममधली हवी ती गाणी लावायला सुरुवात केली होती, आणि त्या मोकळ्या रेडिओनं ‘स्टेअरवे’ला डोक्यावर घेतलं. सत्तरच्या दशकात ली अब्रम्स या रेडिओ सल्लागारानं त्याच एफएमची संशोधनावर बेतलेली आखीव यादी केली, ऐंशीच्या दशकात क्लासिक रॉक हा वेगळा फॉरमॅट झाला, १९९६ च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच काढली आणि क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या वर स्टेशनं गेली. १९९० मध्ये अल्बुकर्कीच्या केएलएसकेनं क्लासिक रॉककडे वळताना ‘स्टेअरवे’ चोवीस तास सलग लावलं होतं. तो प्रसिद्धीचा स्टंट होता. पुढे तोच प्रकार हळू गतीनं देशभर झाला.

आता ज्या गोष्टीकडे तुम्ही, आणि खरं तर बहुतेक सगळेच, दुर्लक्ष करतात ती: रेडिओवर जे वाजतं ते गाणं तुम्ही समजता ते नसतं.

‘स्टेअरवे’ची सगळी रचना चढावर आहे. सुरुवातीला एक अकूस्टिक गिटार आणि बँडचा बेसवादक जॉन पॉल जोन्स यानं एकावर एक भरलेले रेकॉर्डर, म्हणजे लाकडी बासऱ्या. ड्रम्स यायला सव्वाचार मिनिटं लागतात. गिटारचा सोलो सहाव्या मिनिटाच्या शेवटी. आणि शेवटची ओळ एकट्या आवाजात. घरी रेकॉर्डवर पहिल्या मिनिटाचा आणि सातव्या मिनिटाचा आवाज यात प्रचंड फरक आहे, आणि गाण्याचा जीव त्या फरकात आहे. एफएम स्टेशनमध्ये ट्रान्समीटरच्या आधी ‘ऑप्टिमॉड’सारखा प्रोसेसर बसलेला असतो. बॉब ऑर्बनचा पहिला १९७५ चा. तो हळू भाग वर उचलतो, मोठा भाग दाबतो. ताशी शंभरच्या वेगानं चाललेल्या गाडीत टायरच्या आवाजाखाली हळू गिटार ऐकूच येणार नाही, त्यामुळे हे करावं लागतं. पण परिणाम असा की गिटार आणि पूर्ण बँड एकाच उंचीवर येतात. चढ सपाट होतो. वर एफएममध्ये प्रक्षेपणाआधी उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात (अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद प्री-एम्फसिस), म्हणून झांजा लिमिटरला, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या यंत्रणेला, सगळ्यात आधी धडकतात आणि ड्रमर बॉनमच्या झांजांची धार तिथेच बोथट होते.

त्यात निवेदकाची सवय. गायन सुरू होईपर्यंतची पहिली पन्नास सेकंद म्हणजे त्याला बोलायला मोकळं मैदान. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चंही तेच, तिथेही गाणं सुरू व्हायला पन्नास सेकंद लागतात. काही स्टेशनं गाणी किंचित वेगानं वाजवत. ३ टक्के वेग वाढवला तर साडेसहा मिनिटांच्या गाण्यात ११ सेकंद वाचतात आणि सूर पाव स्वर वर जातो. डिजिटल यंत्रं आल्यावर सूर न बदलताही वेळ चोरता येऊ लागला. कापाकापी तर आधीपासूनचीच. ‘लाइट माय फायर’ अल्बमवर सात मिनिटांचं, सिंगलवर तीनच्या आत, मधला ऑर्गन आणि गिटार गायब. ‘लैला’च्या सिंगलमधून शेवटचा पियानोचा भाग गेला, म्हणजे अर्धं गाणं.

थोडक्यात, पुन्हा पुन्हा ऐकायला लावणारं जे जे असतं, चढउतार, मधले प्रवास, अवकाश, ते काढून घेतात आणि हुक तेवढा साडेचारशे वेळा ऐकवतात. यात गाणं वाचेल कसं?

यावरूनच यादीतली कुठली गाणी परत मिळवता येतात आणि कुठली नाही ते ठरतं. माझ्या मते ‘स्टेअरवे’, ‘लैला’, ‘फ्री बर्ड’ परत मिळतात. ‘स्वीट होम अलाबामा’ नाही. तीन कॉर्डचं एकच चक्र, पहिल्या दहा सेकंदांत सगळं कळतं आणि पुढे ऐकायला नवं फार उरत नाही. ‘वी विल रॉक यू’चंही तेच, स्टेडियममध्ये ठीक आहे.

परत मिळवायचं तर असं करा. आधी काही महिने रेडिओवर लागलं की बदला, निर्दयपणे. मग गाणं सुटं ऐकू नका. ‘स्टेअरवे’ अल्बमच्या पहिल्या बाजूचं चौथं, म्हणजे शेवटचं गाणं आहे. ‘ब्लॅक डॉग’पासून सगळी बाजू लावा. ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये ड्रम्स नाहीतच, त्यामुळे ‘स्टेअरवे’त ते येतात तेव्हा कानाला दहा मिनिटांची भूक असते. हे क्रम लावणाऱ्यांना कळत होतं. हेडफोन लावा आणि एक फेरी फक्त बेस ऐका. स्पॉटिफायवर ऐकत असाल तर आवाजाची पातळी ‘लाउड’वर ठेवू नका, तिथे लिमिटर लागतो आणि पुन्हा रेडिओच ऐकाल. २०१४ च्या डिलक्स आवृत्तीत याच गाण्याचं सनसेट साउंड स्टुडिओत केलेलं वेगळं मिक्स आहे. फरक बारीक आहेत, पण ओळखीचं गाणं किंचित सरकलेलं ऐकलं की कान जागे होतात.

‘फ्री बर्ड’साठी सिंगलच्या वाटेला जाऊ नका. नऊ मिनिटांचं मूळ ऐका, आणि नंतर १९७६ चं अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधलं.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ला आपल्या लोकांसाठी वेगळा इलाज लागेल. १९९४ चं अकूस्टिक ध्वनिमुद्रण एरवी सुचवलं असतं, पण आपल्याकडे स्पीकर विकणाऱ्या प्रत्येक दुकानानं ते डेमोसाठी लावून लावून संपवलंय, आणि मूळ गाणं कॉलेजच्या बँडांनी. मूळच ऐका, पण गायन संपल्यापासून पुढे. फेल्डर आणि वॉल्श हे दोन गिटारवादक आळीपाळीनं वाजवतात आणि शेवटी एकत्र येतात. दोघांतला कोण कधी ते न बघता ओळखायचा प्रयत्न करा.

आणि माझ्या हिशेबावर विश्वास नसेल तर तपासून पाहा. स्टेशनच्या वेबसाइटवर वाजलेल्या गाण्यांची यादी असते. एक गाणं निवडा, दोन आठवडे त्याच्या वेळा लिहा, लागोपाठच्या वेळांमधलं अंतर काढा. रात्रीचे तास धरायला विसरू नका, आणि शनिवार-रविवारी क्लॉक वेगळं असू शकतं, म्हणून त्या नोंदी बाजूला ठेवा. ‘स्टेअरवे’चं अंतर तीन दिवसांच्या वर निघालं तर इथेच आकडे टाका, वरचा साडेचारशेचा हिशेब त्यावरून पुन्हा मांडू.