खालच्या मजल्यावरचं तळं

घराचा खालचा भाग भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा हिची एकच अट होती: मासे तळले तरी चालतील, पण गोंगाट नको. डिचोलीत हल्ली भाडेकरू म्हणजे एक तर औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेली पाच-सहा पोरं, नाही तर ट्यूशन क्लास. त्यामुळे एजंट म्हणाला, "काका, तळी वाचवणारी संस्था आहे, शिकलेली माणसं, दिवसभर बाहेरच असतात," तेव्हा मी भाव न करता हो म्हटलं. एजंट खोटं बोलला नव्हता. माणसं शिकलेली आहेत. दिवसभर बाहेरही असतात. फक्त परत येताना तळं बरोबर घेऊन येतात.

पहिल्या दिवशी टेम्पोतून टेबल-खुर्च्या उतरतील म्हणून मी व्हरांड्यात उभा होतो. उतरली होडी. फायबरची, पिवळी, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. ती दारातून आत जाईना, म्हणून पोर्चमध्ये ठेवली. पोर्चमध्ये माझी स्कूटर असे. आता गोव्याचा पाऊस स्कूटरवर पडतो, आणि जिचा जन्मच पाण्यासाठी झाला ती होडी छपराखाली कोरडी असते. मी हे एकदा बोलून दाखवलं. "काका, उन्हापावसात फायबर खराब होतं," असं उत्तर मिळालं. स्कूटर कशाची असते असा त्यांचा समज आहे, कोण जाणे.

माणसं चार. नावं वेगवेगळी असली तरी आमच्या घरात ती संचालकबाई, पाणीवाली, पक्षीवाला आणि हिशेबवाला अशीच ओळखली जातात.

संचालक म्हणजे गुबगुबीत खुर्चीवाला माणूस अशी माझी कल्पना होती. या बाईंची खुर्ची रिकामीच असते. त्या अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर असतात: पंचायत, पाटबंधारे, वन खातं, पुन्हा पंचायत. तळ्यावर जायला त्यांना आठवड्यात एखादा दिवस मिळाला तर मिळाला. बाकीचा वेळ पत्र देणे, पत्राच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घेणे आणि "साहेब साइटवर गेलेत" हे ऐकणे. साहेब कुठल्या साइटवर गेलेत हे संचालकबाईंना नेहमी ठाऊक असतं, कारण साइट म्हणजे बहुधा तळंच आणि साहेब तिथे कधीच नसतात.

पाणीवाली मूळची वास्कोची, रसायनशास्त्रात एम. एस्सी. तिच्याकडे काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची एक तबकडी आहे, वीस सेंटिमीटर रुंद, मधोमध दोरी. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी होईपर्यंत, आणि दोरी किती गेली ते मोजायचं. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने 1865 साली पोपच्या जहाजावरून हा प्रकार केला, आणि अजून कुणाला याहून स्वस्त युक्ती सुचलेली नाही. तिने ती आमच्या विहिरीतही सोडली. तळाला टेकेपर्यंत तबकडी दिसत होती. ही महिनाभर शेजारणींना सांगत होती की आमच्या विहिरीची सायन्सने तपासणी झाली. तळ्यात तीच तबकडी ढोपरभर खोलीवर गडप होते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिचं दुसरं काम मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी चालतं. घासलेल्या काचेचं बूच असलेल्या लहान बाटल्या ती तळ्यावर भरते आणि तिथेच त्यांत दोन औषधांचे थेंब सोडते. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी गाळ धरतो आणि हळूहळू खाली बसतो. नसला तर गाळ पांढराच राहतो. घरी आणून त्यात आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं. मग वर नळीतून थेंब थेंब. पिवळा फिकट झाला की पिष्टाचं, म्हणजे स्टार्चचं, पाणी टाकायचं, सगळं गर्द निळं. पुन्हा थेंब, पुन्हा थेंब, आणि एका थेंबाला तो निळा रंग अचानक नाहीसा होतो. त्या क्षणी तिच्याशी बोलायचं नाही. मी एकदा "बाय, चहा घेतेस?" म्हटलं आणि एक थेंब जास्त पडला, सगळी बाटली फुकट गेली. माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो म्हणे. त्या दिवशी पहाटेच्या पाण्यात दोनच निघाला.

"मग मासे काय करतात?" हिने विचारलं.

"वर येऊन तोंड उघडतात, काकी."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा झोपाळ्यावर दुपारची डुलकी संपवत होतो.

फ्रिजचं प्रकरण याच बाईमुळे घडलं. नायट्रेट-फॉस्फेटच्या तपासणीचं पाणी थंड ठेवावं लागतं. त्यांचा फ्रिज बिघडला, म्हणून बाटल्या आमच्याकडे, सोलकढी आणि सुंगटांच्या मधल्या खणात आल्या. दर बाटलीवर पट्टी: तळ्याचा कोपरा, तारीख, वेळ. गणेशचवथ तोंडावर होती. हिने फ्रिज आवरायला काढला. पट्ट्या धुऊन काढल्या, ते हिरवट पाणी तुळशीला घातलं, बाटल्या साबणाने घासल्या आणि पाहुण्यांसाठी नळाचं गाळलेलं पाणी भरून पुन्हा ओळीने लावल्या. हिच्या हातून काम कधी अर्धवट होत नाही. पाणीवालीने नव्या पट्ट्या शोधत बसण्याआधी एक बाटली उघडून वास घेतला आणि तिला क्लोरीन आला, म्हणून बरं. नाही तर आमचं तळं त्या वर्षी गोव्यातलं सर्वांत शुद्ध तळं म्हणून जाहीर होणार होतं. पाणीवाली रडली नाही, रागावलीही नाही. ती फक्त होडीत जाऊन बसली. पोर्चमध्ये. बराच वेळ. तुळस मात्र त्या आठवड्यात जोमाने वाढली. त्यावरून नायट्रेटचा अंदाज काढता येईल असं मी सुचवलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

पक्षीवाला कमी बोलतो, पण पहाटे पाचला त्याची मोटरसायकल त्याच्या वाटचं बोलते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा त्याला डोळे कमी पडतात. असेच माझे एक जोडी डोळे त्याने करमळीच्या तळ्यावर नेले. एकेक पक्षी मोजायचा नसतो. दहाचा घोळका नजरेत बसवायचा आणि मग त्या मापाने पुढे सरकायचं. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई, हळदी-कुंकू बदक. मी आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या, म्हणजे हे काम माझ्यासाठीच होतं. अडया बऱ्याच पुढेपर्यंत नीट मोजत आलो, आणि तळ्याच्या कडेने कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. तिथल्या पक्ष्यांना गाडीची सवय आहे. मला नव्हती. आकडा गेला तो गेलाच. "काका, आता पुन्हा डावीकडून," पक्षीवाला म्हणाला. बँकेत निदान नोटा पाण्याखाली बुडी मारून दुसरीकडे वर येत नसत.

जलपर्णीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती अजून परसात आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही बया दोन आठवड्यांत दुप्पट होते. तळ्यातून काढली की कुठे तरी टाकायला हवी. तिचं उत्तम खत होतं असं मला सांगण्यात आलं. होतं. दरम्यान वास येतो.

खरा छळ कागदांचा. 2017 साली केंद्राने पाणथळ जागांचे नियम केले. त्यात नदीचं पात्र पाणथळ नाही, भातशेती पाणथळ नाही, आणि खास सिंचनासाठी बांधलेला जलाशयही पाणथळ नाही. आता गोव्यातली तळी गावकारीने, म्हणजे गावाच्या जुन्या सामुदायिक संस्थेने, बांध घालून, मानस म्हणजे पाणी सोडायचं दार बसवून, खालच्या शेतांना पाणी मिळावं म्हणून राखलेली. म्हणजे तळं वाचवायचं तर आधी ते पूर्वजांनी शेतीसाठी बांधलेलं नाही, आपसूक साचलेलं आहे, असं दिसायला हवं. संचालकबाईंनी महिनोन् महिने नकाशे जमवले, जमिनीचे एक-चौदाचे उतारे काढले, पोर्तुगीज अक्षर वाचणारा एक म्हातारा शोधला. सगळं घेऊन पंचायतीत सभा झाली. साहेब खरोखर साइटवर नव्हते, सभेत होते. आणि गावातले सर्वांत वयस्क आजोबा उठले. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं. "हे तळं," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी स्वतःच्या हातांनी खोदलं! शेतीसाठी! आपसूक साचलेलं नाही हे!" टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात आपोआप वाजले. संचालकबाई टेबलाखाली त्यांचा पाय शोधत होत्या, तो सापडेपर्यंत साहेबांनी वहीत लिहून घेतलं होतं.

अशा सभेनंतर खाली कुणी बोलत नाही. मग कुणी तरी नंदा तळ्याचं नाव काढतं. कुडचड्याचं नंदा तळं, फक्त 42 हेक्टर, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. शेजारच्या पोराला मेडिकलला सीट मिळाली की आपल्या घरात जे होतं ते या चौघांचं होतं: आधी कौतुक, मग शांतता, मग आपल्याच पोराकडे बघणं. रामसर हे इराणमधलं गाव. 2 फेब्रुवारी 1971 ला तिथे पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून त्या तारखेला दर वर्षी आमच्या अंगणात मुलांची चित्रकला स्पर्धा असते. सगळी मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि राजहंस काढतात. पक्षीवाल्याला परीक्षक नेमणं बंद केलं आहे. तो राजहंसाला शून्य देतो.

हिशेबवाला माझा खास, कारण भाडं त्याच्याकडून येतं. म्हणजे येत असतं. परदेशी देणगी घ्यायची तर 2020 च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरते. डिचोलीच्या तळ्याचे पैसे दिल्लीला जाऊन, तिथली थंडी खाऊन मग खाली येतात. शिवाय त्यातला वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. घरभाडं प्रशासनात मोडतं. हे त्याने मला फार नम्रपणे समजावलं. म्हणजे ज्या माणसाच्या फ्रिजमध्ये तळं, परसात जलपर्णी आणि पोर्चमध्ये होडी आहे, तो नियमानुसार प्रशासकीय खर्च, आणि होडी हा प्रकल्प.

नाक्यावर पानाच्या गादीशी लोक डोळा मारतात. तळे राखील तो पाणी चाखील, एनजीओ म्हणजे काय विचारायलाच नको. मी त्यांची व्हाउचरची फाइल पाहिली आहे. मानस उघडायला मदत करणाऱ्या म्हाताऱ्याकडे जीएसटी नंबर नाही, म्हणून त्याचे दोनशे रुपये हिशेबवाल्याने स्वतःच्या खिशातून दिलेत. भजी-पावची पावती नाही, म्हणून ती खाल्लीच नव्हती असं कागदावर धरलं जातं. या चाखणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगावर नवा शर्ट मी पाहिलेला नाही. बोलायला गेलं तर नाक्यावर मीच त्यांचा माणूस ठरतो, म्हणून गप्प बसतो आणि पान बांधून घेतो.

मध्यंतरी मुंबईहून देणगीदार कंपनीची माणसं पाहणीला आली. त्यांना 'स्थानिक सहभाग' बघायचा होता. नेमके त्या दिवशी गावात दोन लग्नं, त्यामुळे सगळा स्थानिक सहभाग मांडवात. संचालकबाई वर आल्या. "काकी, पाच मिनिटं. फक्त बसायचं." हिने साडी बदलली, अबोलीची फाती माळली आणि तळ्याच्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. शेजारी मी. पाहुण्यांतल्या एका तरुणाने खाली वाकून विचारलं, "ताई, तळ्यामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?"

"फ्रिज लहान पडतो," ही म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं. मग फोटो काढायचे म्हणून कुणी तरी हिच्या हातात पाणीवालीचं जाळं दिलं, शेवाळ गोळा करायचं, बारीक कापडाचं. हिने ते साडीला लागू नये म्हणून दोन बोटांत धरलं.

कंपनीचा वार्षिक अहवाल आला तो गुळगुळीत कागदावर. संस्थेला अर्धं पान, आणि त्यात मोठा फोटो हिचा. खाली छापलेलं: तळ्यामुळे मत्स्योत्पादन वाढल्याने मोठ्या फ्रिजची गरज भासणारी स्थानिक मच्छीमार महिला. हिचा जन्म पुरोहिताच्या घरातला. मासे खायला ती माझ्याशी लग्न झाल्यावर शिकली आणि अजून साफ करून आणलेलेच घेते. पाणीवाली त्या ओळीवर एवढी चिडली की तिने कंपनीला दोन पानी दुरुस्तीपत्र लिहायला घेतलं. हिने ते पाठवू दिलं नाही. उलट अहवालाच्या जास्तीच्या प्रती मागून घेतल्या आणि एक डोंबिवलीला बहिणीकडे धाडली.

परवा बहिणीचा फोन आला. गणपतीला येते म्हणाली, आणि परत जाताना तळ्यातली सुरमई मिळेल का म्हणून विचारत होती. ही फोन कानाला लावून जिन्यावरून खाली ओरडली, "बाय, आपल्याकडे सुरमई असते?" खाली काही तरी काचेचं फुटलं.