पुढं भाले, मागं खिंडार

शाळेला धोका बाहेरच्या माणसाचा असतो, हे एकदा मनाशी ठरवलं की पुढचं सगळं सोपं जातं, फक्त पैसे लागतात. तेव्हा कोल्हापुरातल्या समस्त संस्थाचालकांनी, मुख्याध्यापकांनी आणि ‘आमच्या पोराच्या शाळेत लई कडक आहे’ असं पाव्हण्यांत सांगणाऱ्या पालकांनी हे जरा बैजवार वाचावं.

सुरुवात फाटकापासून करा. दहा फूट उंच, वर भाले. उद्यमनगरात सांगाल त्या मापाचे करून मिळतात. मागच्या बाजूला मुतारीशेजारी भिंतीला जे खिंडार आहे, त्याला मात्र हात लावू नका. मधल्या सुट्टीत चिंचा-आवळे आणायचा तो रस्ता आहे, आणि संध्याकाळी क्रिकेटवाल्यांचा. नुसत्या विटा लावून बुजवलंत तरी पावसाळ्यात पुन्हा ढासळणार, कारण त्या भिंतीला पाया नाही. आणि पायाचे पैसे भाल्यांत गेले. उरलेल्या भिंतीवर काचा रोवा. चोर तिथनं चढत नाही, त्याला खिंडार माहीत असतं. चेंडू आणायला सहावीतलं पोरगं चढतं, टाके त्याला पडतात.

मग फाटकावर माणूस. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं खासगी अनुदानित शाळांतली शिपायाची पदं मोडीत काढून त्याऐवजी भत्ता दिला. ग्रामीण भागात तो महिन्याला ५,००० रुपये. एवढ्यात जो कुणी मिळेल त्याच्याकडं फाटक, घंटा, पाण्याची मोटर, सरांचा चहा आणि बँकेची स्लिप अशी पाच कामं द्या. टाकी वाहायला लागली की फाटक आपोआप मोकळं होतं. शाळा भरल्यावर एकच फाटक उघडं आणि त्यावर दुसरं काहीही काम नसलेला एकच माणूस, एवढ्यानं निम्म्याहून जास्त काम भागतं म्हणे. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

टेबलावर अभ्यागत नोंदवही ठेवा, पेन सुतळीनं बांधलेलं. पहिला माणूस नाव, काम, वेळ व्यवस्थित लिहितो. दुसऱ्यापासून ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा सुरू होतात. अकराला आलेल्या पहिल्या पालकामागं दिवसभरातले सगळेच अकराला आलेले असतात, काम सगळ्यांचं ‘भेट’, आणि गेल्याची वेळ कुणाचीच नसते. म्हणजे नोंदवहीनुसार गेल्या जूनपासून शाळेत आलेलं एकही माणूस अजून बाहेर पडलेलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी पानं मोजली तर मोजू द्या.

खरी ओळख पटवायची कोल्हापूरची पद्धत वेगळी, आणि तिला कागद लागत नाही.

“काय पाहिजे?”

“पोरीला न्यायला आलोय, मामा हाय तिचा.”

“कुठल्या पेठेतलं?”

“मंगळवार.”

“तालीम कुठली?”

इथपर्यंत आलं की दोघांच्या ओळखीचा एखादा पैलवान निघतो, मग तंबाखूची पुडी निघते, आणि पोरगी दप्तरासकट फाटकाबाहेर. प्रवेशाच्या वेळीच न्यायला येणाऱ्या दोघांची नावं, फोटो आणि नंबर घेऊन ठेवायचे. ऐनवेळी तिसरं कुणी आलं तर त्यानं सांगितलेल्या नंबरावर नव्हे, शाळेच्या नोंदीतल्या नंबरावर आईला फोन लावायचा. तिचा होकार येईपर्यंत पोरगी वर्गातच. याला दोन मिनिटं लागतात. पण तेवढ्यात मामा रुसला तर?

कॅमेरे बसवाच. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानं महिन्याभरात बसवा म्हणून सांगितलं होतं. आठ कॅमेरे, एक टीबीची हार्ड डिस्क. फुल एचडीचं चित्रण चोवीस तास चाललं तर एका कॅमेऱ्याला दिवसाला वीसेक जीबी लागतात, आठांना दीडशेच्या वर. सहाव्या-सातव्या दिवशी जुन्यावर नवं चढतं. तक्रार घेऊन पालक पंधरा दिवसांनी येतात, त्यामुळं डिस्क नेहमी स्वच्छ असते. चार टीबीची घेतली तर तीन आठवडे टिकेल, म्हणून ती घेऊ नये. मशीनमधला बटणसेल संपला की वीज गेल्यावर तारीख २००० सालात जाते; पन्नासेक रुपयांचा सेल, तोही बदलू नका. कॅमेऱ्यांची तोंडं रस्त्याकडं करा. जिन्याखालची अडगळ, प्रयोगशाळेमागचा बोळ, स्वच्छतागृहाकडं जाणारा व्हरांडा, तिथं बाहेरचं कोण येतंय? मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा फुटेज बघायचं, हेही त्याच निर्णयात आहे. पासवर्ड ज्या पोरानं बसवला तो पुण्याला गेला, एवढं सांगितलं की भागतं.

आता एक अडचण. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. तो शासन निर्णय बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या ज्या प्रकरणानंतर निघाला, त्यातला आरोपीही शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. त्याला नोंदवहीत सही करायची नव्हती. भाले त्याच्या पाठीमागं होते. त्यामुळं आतल्या माणसांची चारित्र्य पडताळणी, खोलीच्या दाराला काच, एकट्या मुलासोबत बंद खोलीत एकटं मोठं माणूस नको हा नियम, मुलामुलींच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या सखी सावित्री समितीची बैठक, असल्या कमी खर्चाच्या गोष्टींकडं वळू नका. आपल्याच लोकांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. तक्रारपेटी लावा, मुख्याध्यापकांच्या दारावर, सगळ्यांना दिसेल अशी, म्हणजे कुणी चिठ्ठी टाकणार नाही. आणि चुकून काही कळलंच तर आधी संस्थेची बैठक घ्या. पॉक्सोचं कलम १९ पोलिसांना कळवा म्हणतं, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. पण शाळेच्या नावाचा विचार कायदा कुठं करतो?

पालकांना मात्र फाटकातच अडवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता मुलाच्या मागनं शाळेत येणारा पालक उन्हात तासभर उभा राहतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले किमान तीन सभासद पालक असतात. त्यांना सहीसाठी वही बाहेर नेऊन द्यावी. फाटकाबाहेर तीन जणांच्या परवान्याच्या रिक्षात फळी टाकून दहा पोरं बसतात, ते तुमच्या हद्दीत येत नाही.

शेवटी कुलपं. मागच्या जिन्याचं दार कायम बंद ठेवा, नाहीतर तिथनं कुणीही आत येईल. दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर फारच छान: गर्दी जितकी रेटेल तितकं ते बंद राहतं. खिडक्यांना पक्क्या जाळ्या. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या मांडवाला आग लागली, बाहेर पडायची वाट पुरली नाही, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. पण ती आग होती, बाहेरचा माणूस नव्हे. ती तुमच्या यादीत बसत नाही. वर्षातून एकदा घंटा वाजवून सगळी शाळा मैदानात आणून बघा, असं कुणी सुचवलं तर सांगा की सराव करायला मागचं दार उघडावं लागेल. त्याची किल्ली फाटकावरच्या माणसाकडं असते. तो आत्ता बँकेत गेलाय.