मुक्काम तीन, फोन एक

लेक जर्मनीत श्टुटगार्टजवळ, मुलगा दुबईत आणि मी सांगलीत. निवृत्त झाल्यापासून वर्षातले चार-पाच महिने मी या दोघांकडे असते. दोघांचंही एकच टुमणं, "आई, इकडे तुझ्यासाठी वेगळा फोन ठेवतो, आलीस की तो वापर." मी ऐकत नाही. चष्मे दोन झाले, गोळ्यांचे डबे दोन झाले, फोन तरी एकच असू दे.

हट्ट वाटेल, पण त्यामागे 2019 चा फटका आहे.

त्या वर्षी पहिल्यांदाच इतकी लांब राहायला गेले. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. ते लेकीकडे पुरेपूर वसूल केले आणि तिथूनच परस्पर दुबई गाठली. निघताना विमानात शेजारच्या मुलाने सल्ला दिला, "काकू, सिम काढून ठेवा, नाहीतर रोमिंगचं बिल येईल." मी कानातल्याच्या तारेने ट्रे उघडला, सिम टिकल्यांच्या पाकिटात ठेवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, हे मला कुठे ठाऊक! बॅलन्समध्ये 20 रुपये असतील तर आणखी 30 दिवस मिळतात म्हणे. मी पाच महिने बाहेर होते.

सांगलीत आल्यावर सिम घातलं तर नेटवर्कची एक काडी उभी राहीना. मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "नंबर बंद झालाय, पण अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या."

नंबर ह्यांच्या नावावर होता. आमच्या दोघांत मिळून पहिला मोबाइल घेतला तेव्हाचा. हे 2016 मध्ये गेले. तसं सांगितल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग मृत्यूचा दाखला लागेल."

पेन्शन, गॅस, आधार, विमा, सगळीकडे तोच नंबर. 31 वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी लोकांना 'हा कागद आणा, तो कागद आणा' म्हणत आले, त्याची परतफेड त्या पंधरवड्यात झाली. नंबर अखेर माझ्या नावावर झाला आणि सुरूही झाला. पण गंमत बघा. मी जिवंत असून बँकेच्या लेखी माझा पत्ता नव्हता, आणि हे जाऊन तीन वर्षं झाली तरी कंपनीच्या दफ्तरी त्यांचं खातं चालू होतं.

तेव्हापासून ते सिम फोनमधून हललेलं नाही. निघण्याआधी रोमिंग चालू करते, म्हणजे परदेशात सिम चालतं. डेटा रोमिंग, म्हणजे त्याच सिमवरचं इंटरनेट, मात्र बंद. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या वयाच्या प्रत्येकीने लिहून ठेवावं. परदेशात असताना एसएमएस आला तर मला पैसे पडत नाहीत, फोन उचलला तर पडतात. म्हणजे 'मॅडम, क्रेडिट कार्ड हवंय का' हे ऐकण्याचे पैसेही मीच भरायचे. मला सिम जिवंत ठेवण्यापुरतं हवं असतं. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, ते आमच्यासारख्यांच्या कामाचं झालं. इंटरनेटला तिकडचं ई-सिम, म्हणजे फोनमध्येच भरलं जाणारं, हातात न येणारं सिम. जावई क्यूआर कोड दाखवतो, फोनने तो टिपला की झालं, कानातल्याच्या तारेची गरज नाही.

पण माझ्या फोनमध्ये आणखी एक भाडेकरू आहे. लेकीचं भारतातलं सिम. तिच्या इथल्या खात्याचे ओटीपी त्यावर येतात आणि मी ते तिला कळवते. (ओटीपी कुणाला सांगू नका असं मीच काउंटरवरून बजावत होते. लेक म्हणजे 'कुणी' नव्हे, असं मनाशी म्हणते.) परदेशातल्या नंबरवर एनआरआय खात्याचं यूपीआय चालवायची सोय 2023 मध्ये झाली, पण पहिल्या 10 देशांच्या यादीत आखाती देश होते, जर्मनी नव्हता. फोनमध्ये तीन सिमं बसली तरी एका वेळी दोनच चालतात. त्यामुळे लेकीच्या स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून, तिच्या ओटीपीसाठी, मी माझं इंटरनेट बंद करते.

गॅसची तऱ्हा आणखी वेगळी. सांगलीच्या घरात वर दीर-जाऊ राहतात, गॅसचं पुस्तक माझ्या नावावर. सिलिंडर देताना माझ्या मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. सांगलीत अकरा वाजता सिलिंडरवाला दारात, जर्मनीत सकाळचे साडेसात, मी पांघरुणात. जाऊबाई व्हॉट्सअॅपवर ओरडतात, "वहिनी, चार आकडे!" दुबईत तेही जमत नाही. तिथे व्हॉट्सअॅपवर मजकूर जातो, कॉल लागत नाही. मिरजेची बहीण आठवडाभर फोन लावून दमली आणि मी रुसले अशी तिची समजूत झाली.

आता कुणी म्हणेल, या ओटीपीनेच वाट लावली. मी तसं म्हणणार नाही. मी सहीच्या नकला पाहिल्या आहेत, मुलाने बापाची केलेली, सुनेने सासूची केलेली. ऑनलाइन कार्ड वापरताना आणखी एक पडताळणी हवी, हे रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये सक्तीचं केलं ते योग्यच. चूक आहे ती सगळी भिस्त एका सिमवर टाकण्यात. आणि त्यावर 'अॅप वापरा' हे उत्तर नाही. लेकीची जर्मन बँक सगळं अॅपवर करते. मागच्या दिवाळीत ती सांगलीला आली आणि तिचा फोन हौदात पडला. नवा फोन घेतला, तर बँक म्हणाली, अॅप सुरू करायचा कोड घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवलाय. कागद श्टुटगार्टच्या पेटीत, लेक सांगलीत. तीन आठवडे तिने माझं कार्ड वापरलं. तिथे सिमऐवजी हँडसेटची भक्ती, एवढाच फरक.

मला फार मोठं काही नको. निघण्याआधी शाखेत जाऊन 'अमुक तारखेपर्यंत माझे कोड ई-मेलवरही पाठवा' असा अर्ज देता यावा. काही बँका ई-मेलवर ओटीपी देतात, माझी देत नाही. मी विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सिस्टिममध्ये नाही, मॅडम." हे वाक्य मीही कितीदा म्हटलंय.

ऑक्टोबरअखेर परतते आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो घरबसल्या फोनवरून देता येतो, तरी मी शाखेत जाऊनच देते. जुनी माणसं भेटतात, चहा होतो. मागच्या वर्षी समोर उभी राहिले, तर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, नंबर तोच ना?"