मागची बाजू दाखवा हो!

जुन्या पोर्ट्रेट फोटोंच्या प्रिंट विकणाऱ्यांनो, एकदा तरी मागच्या बाजूचा फोटो न मागता टाका! दर वेळी तेच. समोरून झकास चेहरा, वर ठळक अक्षरांत 'दुर्मिळ, अस्सल, विंटेज', आणि मागची बाजू विचारली की उत्तर येतं, 'मागे काही नाहीये.' अहो, काही नाही हेसुद्धा बघायचंच असतं!

अर्धी कुंडली मागेच असते. स्टुडिओचं नाव, गाव, कुणीतरी शाईनं लिहिलेली ओळख. डिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५४ मध्ये पेटंट घेतलेलं कार्त द व्हिझिट, म्हणजे व्हिझिटिंग कार्डाएवढा पुठ्ठ्यावरचा फोटो असो, की १८६० च्या दशकात आलेलं मोठं कॅबिनेट कार्ड, त्यांचा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला फोटोचा कागद, इतका पातळ की तो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागायचा. त्या पुठ्ठ्याची जाडी, कडा, कोपरे, मागची छपाई यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. आणि हे महाभाग फ्रेममध्ये बसावं म्हणून पुठ्ठाच कापतात! स्टुडिओचं नाव गेलं कात्रीखाली. नुसता संताप होतो.

भिंग लावलं की कधी कधी छपाईच्या ठिपक्यांची जाळी दिसते. म्हणजे तो फोटो नाहीच, पुस्तकातून कापलेलं पान. तरी 'ओरिजिनल'च! वर स्कॅन करून पिवळेपणा काढलेला, कॉन्ट्रास्ट चढवलेला. उडालेल्या छटा, जिलेटिन प्रिंटच्या (जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेल्या फोटोच्या) गडद भागात काळानं चढलेली चांदीची झाक, हे सगळं पुसून मला काय दाखवताय? मला प्रिंट हवीय, तुमचं एडिटिंग नको. दोन्ही बाजू, चारही कोपरे, तिरप्या उजेडात. एवढंच टाका.