परदेशी थेरं

शिमगा होऊन दोन महिने झाले, तरी आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा वाद काही मिटत नाही. सकाळी इथे जर्मनीत श्वेबेबानमध्ये, म्हणजे वरच्या रुळाला लटकून धावणाऱ्या ट्रेनमध्ये, बसले की फोन उघडते आणि ओबरबार्मेन स्टेशन येईपर्यंत डोकं तापलेलं असतं.

वाद असा. माझी भाची, भावाची मुलगी, डोंबिवलीला वाढलेली. कंटेम्पररी डान्स शिकते. शिमग्याला राजापुरात गावी गेली, वाडीतल्या पाच मुली गोळा केल्या, आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर, असताना नमनाच्या, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्याच्या, आधी त्यांनी बारा मिनिटांचा नाच केला. गाणं नाही, मृदंग नाही. सहा मुली डोक्यावर रिकामा हंडा घेऊन चालतात. घाटी चढतात, विहिरीत वाकतात, तळाचा दगड दिसतो, परत चालू लागतात. शेवटी हंडे खाली ठेवतात, पण माना तशाच ताठ राहतात, वळतच नाहीत. बस, एवढंच.

गावकीच्या बैठकीत ठरलं, यापुढे सहाणेवर फक्त पारंपरिक कार्यक्रम. मुंबई मंडळातल्या एका काकांनी लिहिलं, 'पाण्याची तक्रार असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. नाचात कशाला? ही परदेशी थेरं आपल्या मातीत नकोत.' खाली अंगठ्यांची रांग.

ते 'परदेशी' मला लागलं. त्या ग्रुपवर परदेशात राहणारी मी एकटीच आहे.

काका, नमनात गण झाला, गवळण झाली, की वगात काय असतं? सावकार असतो, लाच खाणारा पुढारी असतो, दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा असतो. संकासुराचं सोंग समोर बसलेल्या मानकऱ्यालाही सोडत नाही. जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकतात, त्यात देवादिकांच्या जोडीने महागाई येते, निवडणूक येते. तेव्हा कोणी म्हणत नाही की अर्ज द्या. गावाचं दुखणं नाचात मांडायचं हे कोकणाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

आणि पाण्याचं दुखणं काय थोडं आहे? वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे. जांभा तो पिऊन टाकतो, उतारावरून उरलेला समुद्राला जातो आणि एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, कातळपठारावरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो? अंगठे देणाऱ्यांपैकी एकाच्याही नाही.

मी ज्या गावात राहते त्या वुपरटालमध्ये १९७३ साली नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश इथल्या थिएटरच्या नृत्यविभागाची प्रमुख झाली. तिच्या पहिल्या काही वर्षांत इथलेच लोक प्रयोगातून उठून, दारं आपटून जायचे. हा नाचच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिचं 'कोन्टाक्टहोफ' हे नृत्यनाट्य १९७८चं. पुढे २००० साली तिने तेच काम पासष्टीच्या पुढच्या, नाच हा पेशा नसलेल्या, गावातल्याच बायकापुरुषांना घेऊन केलं आणि २००८ मध्ये चौदा वर्षांपुढच्या पोरापोरींना घेऊन. म्हणजे आमच्या गावकीच्या वयाची माणसं इथे स्टेजवर उभी राहिली आणि आमची गावकी मुलींना सहाणेवरून उतरवते आहे.

'कोन्टाक्टहोफ'ची सुरुवात मी कधीच विसरणार नाही. माणसं पुढे येतात आणि स्वतःला दाखवतात. समोरून, बाजूने, पाठमोरी. दात दाखवतात. हात पुढे करतात, उलटे करून दाखवतात. केस मागे ओढून कपाळ दाखवतात. माझ्या शेजारची बाई हसत होती. मला रत्नागिरीला मावशीच्या घरी झालेला माझा बघण्याचा कार्यक्रम आठवत होता. चालून दाखव गं. केस सोड बघू. हात बघू. पोह्याची बशी धरलेला माझा हात किती थरथरत होता ते मला त्या अंधारात पुन्हा जाणवलं. एका जर्मन बाईला माझ्या मावशीचं घर कसं काय माहीत?

परदेशीच म्हणायचं असेल तर हेही सांगते, नृत्यकार चंद्रलेखा जन्मल्या वाड्याला, म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात. १९८५च्या 'अंगिका'त त्यांनी भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू एकत्र आणलं आणि बाईचं शरीर देवळातल्या मूर्तीसारखं नटवून न ठेवता ताकदीचं म्हणून उभं केलं. नर्तक अस्ताद देबू कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं नाचले, रस्त्यावरच्या मुलांबरोबरही. ही सगळी आपलीच माणसं.

खरं कारण वेगळं आहे आणि ते ग्रुपवर कुणी लिहिणार नाही. नमनातली राधा म्हणजे साडी नेसलेला बाप्या. तो लाजला, मुरडला, तरी पैसे ओवाळून टाकतात. त्याच सहाणेवर गावची खरी मुलगी उभी राहिली, नटली नाही, लाजली नाही, नुसता घाम पुसला, आणि सगळ्यांना नजर कुठे ठेवावी कळेना.

इथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. रविवारी कपड्यांचं मशीन लावलं तर आवाज होतो म्हणून खालच्या मजल्यावरची बाई अजूनही दार वाजवते. सतरा वर्षांत तिने मला घरात बोलावलेलं नाही.

पण गेल्या हिवाळ्यात फोल्क्सहोखशूलच्या, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शिक्षणकेंद्राच्या, एका हॉलमध्ये आम्ही चौदा जणी सहा शनिवार भेटलो. निम्म्या पेन्शनर, निम्म्या माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या. शिकवणारीने सांगितलं, लहानपणी रोज केलेलं एक काम हातपायांनी दाखवा. मी स्कार्फची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, नसलेला हंडा चढवला आणि चालायला लागले. विहिरीपासून आमच्या पडवीपर्यंत सत्तावीस पायऱ्या. मोजाव्या लागल्या नाहीत, पायांना पाठ होत्या. सीरियाची एक म्हातारी काही न बोलता उठली आणि माझ्या मागे चालू लागली, तिच्याही डोक्यावर काहीतरी होतं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती.

हे मी घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. फक्त भाचीला, फोनवर, एका रात्री. तिचा नाच तिथून निघाला. म्हणजे काकांचं एका अर्थी बरोबर आहे, थेर परदेशातूनच आलं, माझ्याकडून. आणि दोन महिने तिला सगळे बोलत असताना मी ग्रुपवर एक ओळ टाकलेली नाही. लिहिते आणि पुसते. माहेरच्या ग्रुपमधून मला काढून टाकतील याची मला भीती वाटते, कारण सकाळी कुणाच्या आंब्याला मोहोर आला, कुणाची म्हैस व्याली, हे मला दुसरं कोण सांगणार?

काल तिचा मेसेज आला. 'आत्या, पुढच्या शिमग्याला शाळेच्या मैदानात करतोय. सातवा हंडा आहे. येशील?'

रजेचा अर्ज उघडून ठेवला आहे. ग्रुपवरची ओळ आज लिहिली आणि पुसली नाही. 'काका, तो नाच माझा आहे' एवढंच लिहिलंय. दोन निळ्या खुणा आल्यात. अजून कुणी काही बोललेलं नाही.