नात्यातला बर्थ

भाच्याच्या लग्नासाठी मी नुकताच कोल्हापूरहून नागपूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो आणि माझ्या नावावर असलेल्या खालच्या बर्थवर रात्रभरात एकदाही पाठ टेकू शकलो नाही. लग्न थाटात पार पडले, घरच्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो अद्याप चालू आहे.

ही गाडी राज्याची हद्द न ओलांडता गोंदियापर्यंत सुमारे साडेतेराशे किलोमीटर चालते आणि त्यासाठी एक दिवसाहून अधिक वेळ घेते. अशा प्रवासात खालचा बर्थ ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणूनच साठ दिवस आधी, आरक्षण खुले होते त्या सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइल हातात धरून बसलो होतो.

डब्यात शिरलो तेव्हा माझ्या खिडकीशी एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला अबीर आणि शेजारी भाकरीच्या वासाची कापडी पिशवी. ‘‘काका, हा बर्थ माझा आहे,’’ असे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिले आणि विचारले, ‘‘पाव्हणं कुठलं?’’

या प्रश्नाला कोल्हापूरकडच्या माणसाने उत्तर दिले नाही तर त्याच्या संस्काराविषयी शंका घेतली जाते, म्हणून मी उत्तर दिले आणि तेथेच फसलो. रुकडी येईपर्यंत त्यांनी माझे गाव, वाडा आणि भावकी काढून घेतली. हातकणंगल्याला माझे आजोळ कागल तालुक्यातले असल्याचे उघड झाले आणि त्यांचे डोळे चमकले. ‘‘म्हंजे मुरगुडात आत्या दिलीया ती तुमचीच न्हवं?’’ आत्या माझीच होती. ‘‘मग झालं की! माझ्या मेव्हण्याच्या चुलत्याची सासुरवाडी तीच.’’ कोल्हापूर संस्थानाने बांधलेला हा मिरजेपर्यंतचा मार्ग १८९१ मध्ये खुला झाला. तेव्हापासून या पन्नासेक किलोमीटरांत गाडीच्या बेताच्या वेगामुळे किती नाती जुळली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. जयसिंगपूर आले तेव्हा मी त्यांचा रीतसर पाहुणा झालो होतो आणि पाहुण्याला ‘‘उठा’’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

तरीही मी एकदा धीर केला. ‘‘काका, तुमचा बर्थ वरचा आहे ना?’’

‘‘वरचा हाय, पण चढवंना. गुडघा गेलाय खासबागेत.’’ खासबाग मैदानातली ती कुस्ती मग कराडपर्यंत चालली. मधल्या एका डावात भाकरी, दह्यात कालवलेला खर्डा आणि कांदा माझ्या हातावर ठेवण्यात आला. मी ते खाल्ले, आणि खाल्ल्यावर माणूस मिंधा होतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तिकीट तपासनीस आले तेव्हा मी तोंड उघडण्यापूर्वीच काकांनी माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितले, ‘‘आमचंच पाव्हणं हायती.’’ तपासनीस समाधानाने म्हणाले, ‘‘घरचीच माणसं म्हटल्यावर प्रश्नच मिटला,’’ आणि पुढे गेले.

खिडकीबाबत काकांचे आणखी एक कारण होते. इंजिनाकडे पाठ करून बसले की त्यांना गरगरत असे आणि माझी खिडकी इंजिनाच्या दिशेला तोंड असलेली होती. मी मनात पुण्याची वाट पाहत होतो, कारण मिरजेकडून आलेल्या गाडीला दौंडकडे जायचे तर पुण्यात इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागते आणि सगळ्या डब्याची दिशा उलटी होते. रात्री पुणे सुटल्यावर मी विजयी मुद्रेने ही वस्तुस्थिती त्यांच्या निदर्शनास आणली. काकांनी माझ्याच बर्थवर अंथरलेली चादर सारखी केली, आडवे झाले आणि म्हणाले, ‘‘झोपल्यावर माणसाचं तोंड कुठं असतंय, पाव्हणं?’’

मी वर गेलो. तेथे नाकापासून वीतभर अंतरावर पंखा होता, त्याच्या जाळीवर कुणाचे तरी बूट ठेवलेले होते आणि पंखा मात्र फणीने पाते ढकलल्याशिवाय फिरत नव्हता. दौंडला गाडी पुरती थांबण्यापूर्वीच निकामी गुडघ्याचे काका फलाटावर उतरलेले मी वरून पाहिले. परत आले ते दोन कप घेऊन. टाचा उंचावून त्यांनी एक माझ्या हाती दिला. ‘‘घ्या, जागंच हाय न्हवं?’’ चहा चांगला होता, याचाच मला अधिक राग आला. माणूस सरळ उद्धट असता तर मी भांडलो असतो. पण आपल्याकडे दुसऱ्याची वस्तू घ्यायची रीतच अशी आहे की, घेणारा मनमिळाऊ ठरतो आणि ज्याची वस्तू गेली तो कुरकुर करू लागला तर कोत्या मनाचा. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी तर झोपण्यापूर्वी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले होते, ‘‘वयस्कर माणसासाठी एवढं तर करायलाच हवं.’’ माझी पन्नाशी उलटली आहे, आणि माझेही गुडघे आहेत. ते खासबागेत गेले नाहीत एवढाच त्यांचा दोष.

काका अकोल्याला उतरले. उतरताना त्यांनी मुरगूडला नमस्कार सांगायला सांगितले. मी घाईने खाली आलो, तोवर माझ्या बर्थवर तीन माणसे, एक सुटकेस आणि वाटाण्याच्या शेंगांची पिशवी स्थिरावली होती. मी तिकीट दाखवले. त्यातल्या एकाने मला रेल्वेचा नियम समजावला की झोपण्याची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. दिवसा खालच्या बर्थवर सर्वांनी बसायचे असते. नियम बरोबर होता. ज्या आठ तासांत तो बर्थ माझा होता ते आठ तास काका त्यावर घोरत होते.

बसण्यापेक्षा वर जाऊन पडावे म्हणून पुन्हा चढलो. डोळा लागतो न लागतो तोच अकोल्यालाच चढलेल्या एका कॉलेजकुमाराने माझा पाय हलवला. ‘‘काका, हा अप्पर माझा आहे.’’

मी उठून बसलो, त्याच्याकडे आपादमस्तक पाहिले आणि विचारले, ‘‘गाव कुठलं तुमचं?’’

त्याने कानांत इअरफोन घातले आणि मोबाइलवरचे तिकीट माझ्या नाकासमोर धरले.